पाचवी कवळी

कवळ्या करणाऱ्या माणसाचा लोकांच्या हसण्यावरचा विश्वास हळूहळू उडत जातो. समोरचा अगदी मनापासून हसत असतो आणि याचं लक्ष असतं वरच्या उजव्या सुळ्याकडे. छोटीचं असंच झालं होतं. सत्तावीस वर्षं ती दातांच्या एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून कवळ्या करत होती. त्यामुळे बसच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत, कुणाच्या सांत्वनाला गेल्यावरसुद्धा तिला आधी माणसाचे दात दिसायचे आणि मग माणूस.

छोटी हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती एक्कावन्न वर्षांची होती आणि थोरल्या बहिणीपेक्षा चांगली वीतभर उंच होती. पण ताईने लहानपणी एकदा छोटी म्हटलं ते म्हटलं, आणि ताई एकदा जे म्हणते ते कुणाच्या बापाला पुसता येत नाही. पुढे दवाखान्यातही तेच नाव चालू झालं. एकटे डॉक्टर तिला ‘बाई’ म्हणत आणि अहो-जाहो करत.

मागच्या खोलीला खिडकी नव्हती. तीन भिंतींना फळ्या होत्या आणि फळ्यांवर प्लास्टरचे जबडे, प्रत्येकावर पेन्सिलीने नंबर. एक घासायची मोटर, एक स्पिरिटचा दिवा, मेणाच्या पट्ट्या, दातांची पाकिटं. पुढे डॉक्टर लोकांच्या तोंडाचं माप घ्यायचे, मागे छोटी त्या मापावर दात उभे करायची. ज्यांचे दात ती करायची त्यांनी तिला कधी पाहिलेलं नसायचं. बाजारात एखादी म्हातारी भाजीवाल्याशी तावातावाने भांडताना दिसली की छोटी मनात म्हणायची, ही एकशे बारा नंबर, खालचा जबडा उथळ, तरी काय घट्ट बसलीय बघा! एवढंच काय ते कौतुक, आणि तेही आपलं आपणच करायचं.

आता डॉक्टरांचं गुपित सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

डॉक्टर अडुसष्ट वर्षांचे होते. दात काढून घ्यायला आलेला माणूस खुर्चीत बसून थरथरायला लागला की ते आपल्या पुढच्या दातांवर नखाने टिचकी मारत आणि म्हणत, “हे बघा. अडुसष्ट पूर्ण. काळजी घेतली की राहतात.” लोक त्या दातांकडे बघून खजील होत आणि घरी जाऊन चार दिवस दोनदा दात घासत. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे असं हत्तीबद्दल म्हणतात. डॉक्टरांचे खायचेही तेच आणि दाखवायचेही तेच होते, आणि ते सगळेच्या सगळे छोटीने केलेले होते. पंचेचाळिसाव्या वर्षी हिरड्यांच्या दुखण्याने त्यांचे दात एका हंगामात गेले. कुठल्याशा शिक्षणाला चाललोय असं सांगून त्यांनी महिनाभर दवाखाना बंद ठेवला आणि उघडला तेव्हा ते कवळी घालून उभे होते. हे जगात फक्त छोटीला ठाऊक होतं. तेव्हापासून दर पाच-सहा वर्षांनी, शनिवारी दुपारी दवाखाना बंद झाला की डॉक्टर मागच्या खोलीत येत, तिच्या स्टुलावर बसत आणि मुकाट्याने आ करत. तेवढा वेळ मालक ती असायची. अशा चार कवळ्या झाल्या होत्या.

तर असं हे सगळं सुरळीत चाललेलं असताना ताईने गाडी घेतली.

ताईने एकतीस वर्षं लोकांना मोटार चालवायला शिकवली. दुसऱ्याच्या शेजारी बसून ब्रेक दाबण्यात तिचा जन्म गेला. नवरा चार वर्षांपूर्वी गेला, मुलगे आपापल्या संसारात रमले, आणि ताईने एका वाचनालयाची जुनी फिरती गाडी विकत घेतली. निम्मे कप्पे उपटून तिने दोन झोपायच्या फळ्या बसवल्या, एक शेगडी, एक पाण्याची टाकी. उरलेल्या कप्प्यांवरच्या रंगवलेल्या पाट्या तशाच होत्या. ताई ‘इतिहास’च्या खाली झोपणार होती आणि छोटीसाठी ‘बालवाङ्मय’च्या खालची फळी राखून ठेवली होती.

“वर्षभर फिरायचं,” ताई म्हणाली. “ठरवून काही नाही. रस्ता संपेल तिथे वळायचं.”

“आणि नोकरी?”

“सोडायची.”

“सोडायची म्हणजे? शेंगदाण्याची टरफलं आहेत का ती?”

“हे बघ छोटे, दात आहेत तर चणे नाहीत, आणि चणे आहेत तर दात नाहीत, हे तुला मी सांगायला हवं का? आत्ता दोन्ही आहेत. अजून दहा वर्षांनी तू निवृत्त होशील तेव्हा मी कुठे असेन आणि माझे गुडघे कुठे असतील?”

तालीम म्हणून दोघी दोन दिवस जाऊन आल्या. पहिल्या रात्री छोटीला ‘बालवाङ्मय’खाली झोप लागली नाही, पण पहाटे कधीतरी डोळा लागला. जाग आली तेव्हा गाडी एका रुंद नदीच्या काठाला उभी होती. समोरच दहा-बारा पावलांवर एक माणूस पाण्यात सायकल धूत होता. त्याने मान वर केली, छोटीला पाहिलं आणि ओला हात हलवून हसला. छोटीनेही हात हलवला. तो दिसेनासा झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण त्याचे दात बघितलेच नाहीत. तो कसा दिसत होता ते तिला नीट आठवत होतं, दात तेवढे आठवत नव्हते. तिला एकदम रडू आलं. आपल्याला हे हवंय, फार हवंय, हे तिला त्या क्षणी इतकं लख्ख कळलं की ती घाबरलीच.

परत येताना ताई म्हणाली, “एक तारखेला मी निघणार. आलीस तर आलीस, नाहीतर मी चालले.” ताईचं बोलणं हे असं, हँडब्रेक ओढल्यासारखं.

एक तारखेला तीन आठवडे होते.

सोडायची म्हटलं तर नोकरीत खोट काढायला जागा नव्हती. पगार वेळेवर, डोक्यावर पंखा, डॉक्टरांचा एक वाकडा शब्द नाही. मामाला कळलं तेव्हा तो म्हणाला, “बसल्या जागी मिळतंय ते पायाने ढकलतेस?” आणि एकदा सोडली की परत मिळायची नाही, हेही खरंच होतं. आता सगळीकडे मापं मशीनवाल्यांकडे जायला लागली होती. पदरी स्वतःचा कारागीर ठेवणारे हे एकटेच डॉक्टर उरले होते. बावन्नाव्या वर्षी परत येऊन ‘मी कवळ्या करते’ असं सांगितलं तर लोक मायेने चहा पाजतील आणि वाटेला लावतील. शिवाय आई होती तोवर छोटीला कुठे जायचं हा प्रश्नच पडला नव्हता. लग्न जमलं नाही म्हणा, तिने जमवलं नाही म्हणा, ती आईजवळ राहिली. आईला जाऊन तीन वर्षं झाली होती. राहण्याची सवय मात्र गेली नव्हती.

तरी तिने राजीनामा लिहिला. चार ओळींचा, चारदा लिहून. ॲप्रनच्या खिशात घालून ती चार दिवस हिंडत होती. रोज सकाळी ठरवायची, आज देऊ. रोज काहीतरी व्हायचं. एकदा डॉक्टरांचं डोकं दुखत होतं, एकदा डॉक्टर फारच खुशीत होते, आणि दोन्ही वेळेला तिला वाटलं की ही वेळ बरी नव्हे. न राहवून तिने काउंटरवरच्या मुलीला सांगितलं, गळ्याची शपथ घालून. या मुलीला सगळे भोंगा म्हणत. आता जिचं नाव भोंगा तिला गुपित सांगणारी छोटीच शहाणी म्हणायची!

चौथ्या दिवशी डॉक्टर मागच्या खोलीत आले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

“बाई, खालची सैल झालीय,” ते हळू आवाजात म्हणाले. “वरचीचाही भरवसा वाटत नाही. नवी करायला घ्या. पूर्ण.”

छोटीने हात पुढे केला. डॉक्टरांनी कवळी काढून तिच्या तळहातावर ठेवली. तिने सवयीने अंगठा आतून फिरवला, कडा बघितल्या, परत त्यांच्या तोंडात बसवून बोटाने हलवून पाहिली. कवळी हलली नाही. तिला जरा नवल वाटलं. पण डॉक्टर म्हणताहेत म्हणजे असेल, असं ती स्वतःशी म्हणाली, आणि खिशातला कागद तसाच राहिला.

संध्याकाळी तिने ताईला फोन केला. “डॉक्टरांची कवळी करून देते आणि मग सांगते. असं अर्धवट कसं टाकायचं?”

“किती दिवस?”

“दहा-बारा.”

“बरं,” ताई म्हणाली. ताई इतक्या पटकन बरं म्हणाली याचंही छोटीला नवल वाटलं.

कवळीचं काम असं असतं. दोन जबड्यांचे साचे एका बिजागरीच्या यंत्रात समोरासमोर बसवतात. यंत्राच्या पुढे एक उभा खिळा असतो. दोन जबड्यांमधलं अंतर किती हे त्या खिळ्यावर ठरतं, आणि तो एकदा बसवला की त्याला हात लावायचा नाही. मग मेणात एकेक दात लावायचा. ही मेणातली कवळी माणसाच्या तोंडात घालून बघायची. दात उंच झाले तर बोलताना वरचे-खालचे एकमेकांवर टकटक आपटतात. ते तपासायला छोटी एकसष्टपासून सत्तरपर्यंत आकडे म्हणायला लावायची, कारण या आकड्यांमध्ये दातांना जितकं काम पडतं तितकं एखाद्या भाषणातही पडत नाही.

पहिल्या शनिवारी डॉक्टर स्टुलावर बसले आणि म्हणायला लागले. “एकसष्ट.” टक. “बासष्ट.” टक. “त्रेसष्ट.” टक. अडुसष्टला आले तेव्हा इतक्या जोरात वाजलं की दोघंही दचकले.

“माझ्याच वयाला अडतंय,” डॉक्टर हसून म्हणाले.

“उंच झालेत,” छोटी म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. सत्तावीस वर्षांत तिचे दात उंच झाले नव्हते. कवळी हिरडीला लागली असेल, रंग एखाद्या छटेने फिकट झाला असेल, पण उंची कधी चुकली नव्हती. “प्लास्टर फुगलं असेल. पुन्हा लावते.”

“सावकाश होऊ द्या,” डॉक्टर म्हणाले. त्यांना बिलकूल घाई नव्हती. तिथेच त्यांनी जुनी कवळी तोंडात घातली आणि टेबलावरच्या पुडीतले भाजलेले शेंगदाणे कुरुमकुरुम खात ते बाहेर गेले.

दुसऱ्या शनिवारी छोटीने सगळे दात नव्याने लावून ठेवले होते. “एकसष्ट.” टक. या वेळी तर उजवीकडेही लागत होतं. छोटीने कार्बनचा कागद दातांमध्ये धरून डाग बघितले. डाग नको तिथे पडले होते. “डोळ्यांचा नंबर वाढला वाटतं,” ती म्हणाली आणि घाम पुसायला लागली. डॉक्टरांनी यंत्राकडे जरा जास्त वेळ बघितलं.

“अगं, बाळालासुद्धा सहा महिन्यांत दात येतात,” ताई फोनवर ओरडली. “तुझ्या डॉक्टरला किती लागतात?”

“चूक होतेय, ताई. काय करू? आजवर नाही झाली ती होतेय.”

“मग मी काय समजू?”

“होईल गं या शनिवारी.”

“या शनिवारी महिना संपतो,” ताई म्हणाली आणि तिने फोन ठेवला. या वेळी ती ‘मी चालले’ म्हणाली नाही. छोटीच्या ते लक्षातही आलं नाही, कारण तिच्या मनाला हायसं वाटलं होतं आणि हायसं का वाटलं याचा तिला राग आला होता. तो आठवडा तिने दातओठ खात काम केलं. पहिल्या दिवसापासून चाललं होतं तसं, रोज संध्याकाळी दिवा विझवताना ती यंत्राजवळ जायची, प्लास्टर रात्रीतून फुगतं बाई, असं पुटपुटायची आणि समोरचा खिळा केसभर वर करायची.

तिसऱ्या शनिवारी डॉक्टर दुपारपर्यंत थांबले नाहीत. सकाळचे अकरा वाजले होते, बाहेरच्या बाकांवर सात-आठ माणसं गाल धरून बसली होती, आणि डॉक्टर आत आले.

“आत्ता? बाहेर माणसं आहेत, डॉक्टर.”

“असू द्या. बघू तुमचं काम.”

त्यांनी मेणातली कवळी तोंडात घातली. एकसष्टलाच टक झालं. ते पुढचा आकडा बोलले नाहीत. त्यांनी ती काढून ठेवली, जुनी घातली, उठून यंत्रापाशी गेले आणि वाकून खिळ्याकडे बघायला लागले. खिळ्यावर छोटीने पहिल्या दिवशी लाल पेन्सिलीने केलेली खूण होती. खूण यंत्राच्या चौकटीच्या बरीच वर आली होती.

“बाई, हा कुणी हलवला?”

छोटीची दातखीळ बसली.

“इथे तुमच्याशिवाय कुणी येत नाही,” डॉक्टर म्हणाले.

“प्लास्टर...”

“प्लास्टरला नावं ठेवू नका. बसा.”

ती स्टुलावर बसली. डॉक्टर उभेच राहिले. कुठून सुरुवात करावी ते त्यांनाही कळत नसावं, कारण ते थोडा वेळ फळीवरचे जबडे बघत राहिले.

“तुम्ही जाणार हे मला भोंग्याने त्याच दिवशी सांगितलं,” ते म्हणाले. “रात्रभर विचार केला आणि सकाळी तुम्हाला सांगितलं, कवळी सैल झाली. ती काही सैल झालेली नव्हती.”

“माहीत आहे,” छोटी म्हणाली. तोंडातून निघून गेलं खरं, पण गेल्यावर तिला कळलं की खरंच आपल्याला माहीत होतं. अंगठा फिरवला त्याच क्षणी.

“असणारच. किती वर्षं जाईल अजून?”

“तीन तर सहज जाईल. जपून वापरलीत तर चार.”

“मग मला तेव्हाच का नाही सांगितलंत? ‘डॉक्टर, खोटं बोलू नका’ म्हणून?”

बाहेर कुणीतरी खोकलं. भोंगा कुणालातरी “आलेच, आलेच डॉक्टर” असं सांगत होती.

“पहिल्या शनिवारी वाजलं तेव्हा मला आनंद झाला,” डॉक्टर म्हणाले. “खोटं कशाला बोलू? म्हटलं, चला, आठवडा मिळाला. दुसऱ्या शनिवारी वाजलं तेव्हा शंका आली. हे तिसरं. बाई, मी खोटं बोलतो. तोंडात कवळी घालून रोज पेशंटांपुढे बोलतो, मला त्याची सवय झालीय. पण तुमचा हात कधी खोटं बोललेला नव्हता. तो माझ्या दवाखान्यात खोटं बोलायला लागला, ते मला बघवत नाही.”

छोटीने आपल्या हातांकडे पाहिलं. नखांत मेण होतं. तिला इतकं वाईट वाटलं की ते लपवायला ती एकदम चिडून बोलली. “तुमच्यासाठीच राहतेय ना मी! मी गेले तर तुमचे दात कोण करणार? कुणापुढे आ करणार तुम्ही? साऱ्या गावाला कळेल, आणि मग तुम्हीच तोंड लपवत फिराल!”

डॉक्टरांचा चेहरा पडला. क्षणभर तिला वाटलं, लागलं त्यांना, आपण हे बोलायला नको होतं. मग त्यांनी तोंडात बोटं घातली, वरची कवळी काढली, खालची काढली आणि दार उघडून ते बाहेर गेले.

छोटी त्यांच्या मागे धावली ती दारातच थांबली. डॉक्टर बाकांच्या मधोमध उभे होते. कवळीविना त्यांचे गाल आत गेले होते, ओठ मिटून तोंडाची नुसती रेघ झाली होती, आणि एकाएकी ते आपल्या वयापेक्षा दहा वर्षांनी मोठे दिसत होते. त्यांनी हात पुढे केला. हातात दोन्ही कवळ्या होत्या.

“हे माझे दात,” डॉक्टर म्हणाले. शब्द ओठांवरून घसरत होते, पण सगळ्यांना ऐकू आलं. “तेवीस वर्षं मी तुम्हाला माझे म्हणून दाखवतोय. ते या बाईंनी केलेत. तुमच्यातल्या पुष्कळांचेही यांनीच केलेत. तुम्ही यांना कधी पाहिलं नाहीत, म्हणून आज बघून घ्या. त्या जाणार आहेत.”

भोंग्याच्या हातातला फोन तसाच राहिला. आयुष्यात पहिल्यांदा तिला बोलायला काही सुचलं नसावं.

कोपऱ्यातल्या बाकावर एक म्हातारी होती. तिचे उरलेले चार दात त्या दिवशी काढायचे होते आणि ती सकाळपासून डोळे पुसत बसली होती. ती उठली, डॉक्टरांच्या जवळ आली आणि त्यांच्या तोंडाकडे नीट निरखून बघायला लागली.

“अरे मेल्या,” ती म्हणाली, “आणि मला लाज वाटत होती!”

असं म्हणून ती हसायला लागली, चारही दात दाखवत. तिच्यामागून एक गाल सुजलेला माणूस हसला आणि कळ आली म्हणून ओरडला. मग हसू सगळ्या बाकांवर पसरलं. म्हातारीने छोटीला हाताने जवळ बोलावलं, तिची हनुवटी धरली आणि म्हणाली, “जायच्या आधी माझं माप तेवढं घेऊन जा गं बाई.”

“मापं डॉक्टर घेतात, आजी,” छोटी म्हणाली.

दोघं परत आत आली तेव्हा डॉक्टर घामाघूम झाले होते. छोटीने दार लावलं, त्यांच्या हातातून कवळी घेतली, नळाखाली धुतली आणि त्यांना दिली. त्यांनी ती घातली. आता ते पुन्हा डॉक्टर दिसायला लागले.

“झालं,” ते म्हणाले. “आता ते कारण गेलं. अजून काही उरलंय?”

छोटीने बराच शोध घेतला. आई नव्हती. डॉक्टरांचं गुपित आता बाकावरच्या माणसांबरोबर घरोघरी चाललं होतं, आणि भोंगा असताना ते संध्याकाळपर्यंत नदीपार जाईल यात शंका नव्हती. मामाचं म्हणणं तिला कधीच पटलं नव्हतं. शोधून शोधून हाताला एकच गोष्ट लागली.

“मला भीती वाटते, डॉक्टर,” ती म्हणाली.

सत्तावीस वर्षांत तिने असं वाक्य या खोलीत उच्चारलं नव्हतं. डॉक्टरांनी मान डोलावली, जशी ते खुर्चीतल्या माणसापुढे डोलावत तशी नव्हे, साधीच.

“कशाची?”

“आवडेल याची. वर्षभर फिरेन आणि मग मला इथे बसवणार नाही. आणि परत येऊन बसायला जागाही राहणार नाही.”

“जागेचं मी सांगू शकत नाही,” डॉक्टर म्हणाले. “तुमची जागा ठेवीन म्हणालो तर तेही खोटं होईल. वर्षभराने मीच इथे असेन की नाही कोण जाणे. सोमवारपासून मापं मशीनवाल्याकडे पाठवावी लागतील. करेल तो, बरं करेल.” ते दाराकडे वळले. “भीतीचं म्हणाल तर मला मघाशी दारापर्यंत जाताना वाटली. गेली नाही ती. भीत भीतच गेलो.”

आणि ते पेशंट बघायला निघून गेले.

छोटीने खिशातला राजीनामा काढला. तीन आठवडे खिशात राहून त्याची घडी मळली होती. तिने तो डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवला. मग यंत्रातला खिळा खाली आणून लाल खुणेवर बसवला. आता त्या कवळीचं काही करायचं नव्हतं, तरी बसवला. मग तिने ताईला फोन लावला.

“ताई, मी येतेय. मला भीती वाटतेय, पण येतेय.”

फोन कट झाला की काय म्हणून छोटीने कानापासून काढून बघितला.

“ताई?”

“आहे गं,” ताई म्हणाली. तिचा आवाज भलताच बारीक झाला होता. “मलाही वाटतेय. तीन आठवडे झोप नाही मला. एकटीने जायची हिंमतच नव्हती. तू नाही म्हणाली असतीस तर मी सोमवारी गाडी विकणार होते.”

छोटी स्टुलावर बसली. एकतीस वर्षं परक्या माणसांच्या शेजारी बसून न घाबरणारी ताई. “अगं मग हे आधी का नाही सांगितलंस? नुसतं ‘मी चालले, मी चालले’ काय?”

“सांगितलं असतं तर तू लगेच आली असतीस,” ताई म्हणाली. “माझ्यासाठी.”

छोटीने ॲप्रनच्या टोकाने डोळे पुसले, नाक पुसलं आणि घसा साफ केला.

“उद्या किती वाजता निघायचं?” तिने विचारलं.